राखून ठेवलेल्या नफ्याचा हिशेब भागधारकांना द्या

प्रति,
माननीय अध्यक्ष व संचालक मंडळाचे सर्व सदस्य यांस,

स. न. वि. वि.

यंदाच्या वार्षिक अहवालात सलग पाचव्या वर्षी तेच वाक्य छापून आले आहे, की कंपनीची साधनसंपत्ती जपण्याच्या हेतूने संचालक मंडळ लाभांशाची शिफारस करत नाही. त्याच्याच खाली दुसरे वाक्य आहे, की सर्वसाधारण राखीव निधीकडे या वर्षी कोणतीही रक्कम वर्ग केलेली नाही. या पाचही वर्षांत कंपनीला नफा झाला आहे. नफा झाला, तो वाटला नाही, राखीव निधीतही नेला नाही. मग तो आहे कुठे, असे माझ्या आईने मला विचारले. त्याचे उत्तर मी आधी आपल्या अहवालांत शोधले, मग आपल्या सभेत विचारले, आणि दोन्हीकडे ते न मिळाल्यामुळे आता हे पत्र सर्वांसमक्ष लिहीत आहे.

आपल्या बेळगावच्या फौंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, माझे वडील मोल्डर, म्हणजे साचे तयार करणारे कामगार, होते. कंपनीने पहिल्यांदा भागविक्री केली तेव्हा कामगारांसाठी ठेवलेल्या हिश्श्यातून त्यांनी २०० शेअर घेतले आणि त्यासाठी सोसायटीचे कर्ज काढले. पुढे एकास दोन या प्रमाणात बक्षीस समभाग (बोनस शेअर) मिळून ते ६०० झाले. वडील गेल्यावर ते आईच्या नावे झाले आणि दुसरे नाव माझे लागले. लाभांश बंद होण्यापूर्वीच्या शेवटच्या वर्षी शेअरमागे ४ रुपये, म्हणजे २,४०० रुपये, आईच्या खात्यात जमा झाले होते. वार्षिक सभेनंतर ही रक्कम गणपतीच्या आगेमागे येत असे, आणि शहापुरातल्या आमच्या घरात ती ‘बाबांचे पैसे’ म्हणून वेगळी काढली जात असे. रक्कम मोठी नाही, हे मला ठाऊक आहे. परंतु अशा दोनशे-चारशे शेअरांचे धनी बेळगाव, खानापूर, निपाणी आणि चिकोडी भागात पुष्कळ आहेत, आणि त्यांतले बरेच आपल्याच कारखान्यातून निवृत्त झालेले आहेत. मी इथल्या एका पतसंस्थेत २६ वर्षे हिशेब लिहिले. ताळेबंद वाचता येणारी म्हणून हे लोक कागद घेऊन माझ्याकडे येतात, त्यामुळे आईचा प्रश्न आता तिच्या एकटीचा राहिलेला नाही.

माझ्याकडे येणाऱ्यांपैकी जवळपास प्रत्येकाचा एक गैरसमज असतो, तो आधी दूर करते. कारण सुरुवातीला तो माझाही होता. पतसंस्थेत निव्वळ नफ्याचा किमान चौथा हिस्सा सहकार कायद्यानुसार राखीव निधीत टाकावा लागतो, आणि त्या निधीच्या ठेवपावत्या आम्ही कपाटात मोजून ठेवत असू. म्हणून कंपनीच्या ताळेबंदात राखून ठेवलेल्या नफ्याचा, म्हणजे ‘रिटेन्ड अर्निंग्ज’चा, मोठा आकडा पाहिला की तेवढी रोकड कंपनीच्या तिजोरीत पडून आहे असे वाटते. तसे नसते. कंपनीच्या आरंभापासूनचा नफा घ्यावा, त्यातून तोटा, वाटलेला लाभांश आणि दुसऱ्या निधींकडे वळवलेल्या रकमा वजा कराव्यात, आणि जे उरेल तो हा आकडा. कामगारांच्या ग्रॅच्युइटीच्या मूल्यांकनातला फरक यांसारख्या काही रकमा तर त्या वर्षीच्या नफ्याला स्पर्श न करता थेट या शिल्लकीत मिळवल्या किंवा वजा केल्या जातात. हा आकडा एवढेच सांगतो की भागधारकांच्या मालकीचा इतका नफा कंपनीने धंद्यात ठेवून घेतला. त्याचे पुढे काय झाले हे ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूला पाहावे लागते. तो यंत्रांत गेला असेल, कच्च्या मालाच्या साठ्यात गेला असेल, गिऱ्हाइकांकडे उधारीत अडकला असेल, बँकेचे कर्ज फेडण्यात खर्ची पडला असेल, उपकंपनीला दिला गेला असेल किंवा खरोखरच बँकेत शिल्लक असेल.

रायबाग-अथणीच्या बाजूला शेतकरी बेण्यासाठी ऊस राखतो. तोच ऊस कारखान्याला गेला असता तर त्याचे बिल हाती पडले असते. पुढच्या लागणीसाठी तो ते सोडून देतो. पण त्या रानात दुसऱ्याचा वाटा असेल, तर राखलेले बेणे कोणत्या रानात आणि किती गुंठ्यांवर लावले, हे त्या वाटेकऱ्याला दाखवावे लागते. तेवढेच आम्ही मागतो आहोत.

लाभांश दरवर्षी दिलाच पाहिजे असे माझे म्हणणे नाही. जुन्या १९५६ च्या कायद्याखाली ठरावीक दरापेक्षा अधिक लाभांश द्यायचा तर नफ्याचा काही भाग आधी राखीव निधीत नेणे सक्तीचे होते. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १२३ ने ती सक्ती काढली, आणि किती नफा राखायचा हे संचालक मंडळाच्या विवेकावर सोपवले. म्हणजे मंडळाचा अधिकार वाढला आहे. भागधारकांचा मात्र वाढलेला नाही: बहुतेक कंपन्यांप्रमाणे आपल्याही नियमावलीत असे कलम आहे, की मंडळाने शिफारस केलेल्या रकमेपेक्षा अधिक लाभांश सर्वसाधारण सभेला जाहीर करता येत नाही. मंडळाने शून्य म्हटले की सभेपुढे मतदानाला काही उरतच नाही. जिथे मत देता येत नाही तिथे कारण विचारण्याचा हक्क तरी पुरा असला पाहिजे, असे मला वाटते.

गेल्या सभेत हा हक्क मी बजावून पाहिला. सभा दूरदृश्य पद्धतीने होती. वक्ता म्हणून मी मुदतीत नोंदणी केली, प्रश्न मराठीत लिहिला आणि त्याच्या इंग्रजी भाषांतरासह आठ दिवस आधी ईमेलने पाठवला. प्रश्न एकच होता: पाच वर्षांत राखलेला नफा कोणत्या कामात किती गेला, आणि त्यावर कंपनीला काय मिळाले? अध्यक्ष महोदयांनी उत्तर दिले, की सर्व माहिती वार्षिक अहवालात आहे, नफा कंपनीच्या वाढीसाठी राखला आहे, आणि जगातल्या मोठ्या कंपन्याही लाभांश न देता भागधारकांना श्रीमंत करतात. मी पुढे बोलू लागले तेव्हा माझा आवाज बंद करण्यात आला होता. लेखी उत्तर पाठवू असे सांगितले गेले. चार महिने झाले, ते आलेले नाही.

मोठ्या कंपन्यांचा दाखला आपणच दिला म्हणून लिहिते. अमेरिकेतील बर्कशायर हॅथवे या कंपनीने वॉरन बफे यांच्या काळात १९६७ साली एकदाच लाभांश दिला, हे खरे आहे. परंतु त्याच बफे यांनी १९८३ सालच्या भागधारकांना लिहिलेल्या पत्रात स्वतःवर एक कसोटी लादून घेतली होती, की राखलेल्या प्रत्येक डॉलरमागे भागधारकाला कालांतराने निदान एक डॉलरचे बाजारमूल्य मिळते की नाही हे तपासले जावे. दाखला घ्यायचा तर या कसोटीसकट घ्यावा, ही विनंती.

ती कसोटी आपल्याला आज लावता येईल का? शेअरच्या बाजारभावात तेजी-मंदीचा गोंधळ असतो, म्हणून मी तो बाजूला ठेवला आणि फक्त आपल्याच अहवालांतील शेअरमागची कमाई घेतली. लाभांश मिळाला त्या शेवटच्या वर्षी ती ११ रुपये होती. त्यानंतरच्या पाच वर्षांत ती अनुक्रमे ८ रुपये ६० पैसे, ११ रुपये ५० पैसे, १२ रुपये ३० पैसे, १३ रुपये २० पैसे आणि १२ रुपये ४० पैसे झाली. ही सारी, म्हणजे एकूण ५८ रुपये, आपण राखून घेतली. आईच्या ६०० शेअरांमागे ती रक्कम ३४,८०० रुपये होते. शेवटच्या वर्षीच्या नफ्याला कामाला लागायला अवधीच मिळालेला नाही, म्हणून आपल्या बाजूने विचार करून तो मी वगळला. उरलेल्या चार वर्षांचे ४५ रुपये ६० पैसे धंद्यात घालून कंपनीची वार्षिक कमाई ११ रुपयांवरून १२ रुपये ४० पैशांवर गेली. वाढ १ रुपया ४० पैशांची. राखलेल्या दर शेकड्यामागे हे वर्षाला ३ रुपयांच्या आसपास पडते. पोस्टाच्या साध्या बचत खात्यावरही शेकडा ४ मिळतात, आणि तिथे धंद्याची जोखीम घ्यावी लागत नाही. माझ्या गणितात चूक असेल तर ती दाखवावी. नव्या कामाचे फळ यायला आणखी काही वर्षे लागणार असतील, तर ते काम कोणते आणि फळ केव्हा, हे सांगावे. ओतकामाच्या धंद्यात नवी भट्टी उभी राहून ऑर्डरी भरून निघायला वेळ लागतो, हे मोल्डरच्या घरात वाढलेल्या मुलीला समजावून सांगण्याची गरज नाही. पण नवी भट्टी उभी राहिल्याचे मला अहवालात कुठे दिसले नाही.

म्हणून माझी पहिली आणि सर्वांत मोठी तक्रार ही, की राखलेला नफा कशात घातला ते आपण सांगत नाही. शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीच्या २०१५ च्या नियमावलीतील ४३अ या नियमानुसार बाजारमूल्याने पहिल्या १,००० सूचिबद्ध कंपन्यांनी लाभांश वाटपाचे धोरण जाहीर करायचे असते आणि राखून ठेवलेल्या नफ्याचा उपयोग कसा केला जाईल हे त्यात लिहायचे असते. आपली कंपनी त्या यादीत असल्याने आपणही धोरण जाहीर केले आहे. त्यात या मुद्द्यावर एकच ओळ आहे: व्यवसायवाढ, खेळते भांडवल आणि मंडळास योग्य वाटेल असे अन्य प्रयोजन. ही ओळ कोणत्याही कंपनीच्या धोरणात जशीच्या तशी बसेल. तिच्यावरून आपल्या कंपनीविषयी कोणाला काहीही कळत नाही.

दुसरी तक्रार मला ताळेबंदाच्या दुसऱ्या बाजूवरून करावी लागत आहे. पाच वर्षांचे अहवाल शेजारी ठेवून मी एकेक बाब पाहिली. यंत्रे आणि इमारती यांत नवी भर घसाऱ्यापेक्षा जेमतेम अधिक आहे, म्हणजे झिजले तेवढे भरून काढले गेले. बँकेचे कर्ज कमी झालेले नाही. वाढल्या त्या दोन गोष्टी. एक म्हणजे गिऱ्हाइकांकडची येणी. ती विक्रीपेक्षा वेगाने वाढत गेली आहेत, आणि त्यामुळे नफा कागदावर दिसतो तरी रोकड प्रवाहाच्या पत्रकात तेवढे पैसे आत आलेले दिसत नाहीत. दुसरी गोष्ट म्हणजे दोन उपकंपन्यांना दिलेली कर्जे व त्यांच्यातील गुंतवणूक, आणि त्यांपैकी एकीतील गुंतवणुकीचे मूल्य दोन वर्षांपूर्वी आपणच पुस्तकात कमी करून दाखवले. कंपनी कायद्याच्या कलम १८६ मध्ये अशा कर्जांचा पूर्ण तपशील, आणि कर्ज घेणारी कंपनी ते कशासाठी वापरणार आहे हेही, भागधारकांना वित्तीय पत्रकांतून कळवण्याची तरतूद आहे. आपल्या टिपणात प्रयोजनाच्या रकान्यात ‘सर्वसाधारण व्यवसायासाठी’ एवढेच लिहिले आहे. माझ्या पतसंस्थेत पन्नास हजारांचे कर्ज मागणाऱ्याने अर्जात असे लिहिले असते, तर तो अर्ज कर्ज समितीपुढे गेलाच नसता.

सभेत अध्यक्ष महोदयांनी बक्षीस समभागांचा विचार सुरू असल्याचेही सूचित केले, आणि ते ऐकून आमच्याकडचे काही भागधारक सुखावले. त्यांच्यासाठी इथे स्पष्ट करणे भाग आहे, की बक्षीस समभागात कंपनीकडून एक रुपयाही बाहेर येत नाही. राखलेला नफा त्याच बाजूला भागभांडवल या नावाखाली जाऊन बसतो, शेअरांची संख्या वाढते आणि प्रत्येक शेअरमागची कमाई त्याच प्रमाणात उतरते. लाभांशाच्या बदल्यात बक्षीस समभाग देता येत नाहीत, असे कायद्याचे कलम ६३ सांगते. बक्षीस द्यायचे असल्यास द्यावे, परंतु आमच्या प्रश्नाचे उत्तर म्हणून ते पुढे करू नये.

कराचा मुद्दाही आपल्या कार्यालयाने दूरध्वनीवर मांडला, की १ एप्रिल २०२० पासून लाभांशावरचा कर भागधारकाला भरावा लागत असल्याने नफा कंपनीत राहणेच आमच्या हिताचे आहे. ज्यांचे उत्पन्न मोठे आहे त्यांच्याबाबतीत हे योग्य असू शकेल. माझ्या आईचे उत्पन्न करपात्र नाही, आणि निवृत्त कामगारांपैकी बहुतेकांचे नसते.

शेवटची तक्रार भाषेची आहे. सीमाभागात भाषेचा प्रश्न निघाला की मूळ विषय बाजूला पडतो, आणि मला तो पडू द्यायचा नाही, म्हणून मोजकेच लिहिते. भागविक्रीच्या वेळी फौंड्रीच्या फाटकावर आपण मराठीत आणि कन्नडमध्ये पत्रके वाटली होती. वडिलांनी जपून ठेवलेले मराठी पत्रक आजही शेअरच्या जुन्या कागदांबरोबर आमच्या ट्रंकेत आहे. कंपनीची वाढ म्हणजे तुमची वाढ, अशा अर्थाचा मजकूर त्यात आहे. पैसे मागताना ज्या दोन भाषा आपल्याला आठवल्या, त्या हिशेब देताना आठवू नयेत याचे मला मनापासून वाईट वाटते. दोनशेहून अधिक पानांचा इंग्रजी अहवाल आमच्यातील फार थोड्यांना वाचता येतो, आणि त्यातही राखलेल्या नफ्याच्या बदलांचे पत्रक कुठे आहे हे सांगणारा कोणी शेजारी असावा लागतो.

आता मागण्या. पाच वर्षांचा एक ताळा आपण एका पानावर द्यावा: आरंभीची शिल्लक, दरवर्षीचा नफा, थेट मिळवलेल्या व वजा केलेल्या रकमा, अखेरची शिल्लक, आणि तिच्याच शेजारी याच काळात नवी यंत्रे, वाढलेला साठा, वाढलेली येणी, कर्जफेड, उपकंपन्या आणि रोकड यांत किती पैसा गेला त्याचे आकडे. हे सर्व आकडे आपल्या वित्त विभागाकडे तयार असतात, त्यासाठी नवे काम करावे लागत नाही. उपकंपन्यांना दिलेल्या प्रत्येक कर्जाचे प्रयोजन, व्याजदर, परतफेडीची तारीख आणि आजवर प्रत्यक्ष हाती आलेले व्याज जाहीर करावे, आणि या कर्जांविषयी लेखापरीक्षण समितीतील स्वतंत्र संचालकांचे मत काय होते तेही कळवावे. राखलेल्या नफ्यावर किमान किती परतावा मिळायला हवा याची एक पातळी मंडळाने लाभांश धोरणात लिहावी, आणि सलग तीन वर्षे ती गाठता आली नाही तर पुढच्या नफ्यातील किती हिस्सा वाटला जाईल हेही त्यातच नमूद करावे. ही पातळी कोणती असावी हे मी सुचवत नाही. धंदा आपण चालवता, ती आपणच ठरवावी, पण ठरवून लिहावी. ताळ्याचा मराठी आणि कन्नड गोषवारा भागधारकांना पाठवावा. आणि वर्षातून एकदा वित्त विभागाच्या जबाबदार अधिकाऱ्यांनी बेळगावात येऊन दोन तास भागधारकांसमोर बसावे. कारखान्याचे उपाहारगृह त्यासाठी पुरेसे आहे.

पुढील वार्षिक सभेची सूचना कायद्याप्रमाणे पूर्ण २१ दिवस आधी आमच्या हाती येईल. तिच्यासोबत हा ताळा यावा, अशी आमची अपेक्षा आहे. तो आला नाही तर सेबीच्या स्कोअर्स या तक्रार व्यवस्थेकडे आम्ही रीतसर तक्रार नोंदवू, आणि कंपनी कायद्याच्या कलम १५१ खाली लहान भागधारकांचा एक संचालक मंडळावर असावा म्हणून अर्जही करू. ज्यांच्याकडील शेअरांचे दर्शनी मूल्य २०,००० रुपयांपर्यंत आहे असे १,००० भागधारक, किंवा अशा भागधारकांच्या एकूण संख्येचा दहावा भाग, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढ्या सह्या त्यासाठी लागतात. शहापूर, खानापूर आणि निपाणी इथे सह्या घेणे सुरू झाले आहे, आणि पहिली सही आईने केली आहे.

तिचा पत्ता आपल्या भागधारकांच्या नोंदवहीत आहे. उत्तर तिच्या नावे आणि मराठीत पाठवावे, ही विनंती.

कळावे,
आपली विश्वासू,
संयुक्त भागधारक व आपल्या एका दिवंगत कामगाराची मुलगी
शहापूर, बेळगाव